मेडिक्लेममध्ये न बसणारा आजार

आपल्याकडच्या आरोग्य विम्याच्या पॉलिसींत काही कलमं सगळीकडे शब्दशः सारखी असतात. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ती २०१९ मध्ये ठरवून दिली. त्यातलं एक कलम वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आहे. बॉडी मास इंडेक्स ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा तीव्र स्लीप ॲप्निया असेल, तर पोटाची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते, असं ते सांगतं. अलीकडे एका कुटुंबाची पॉलिसी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. 'स्लीप ॲप्निया' हे शब्द तीत एवढ्या एकाच ठिकाणी सापडले. म्हणजे या आजारापायी काही लाखांचं ऑपरेशन करायचं ठरलं, तर विमा कंपनी पैसे देऊ शकते. त्याच आजारावरचा पहिला आणि खात्रीचा इलाज म्हणजे रात्री उशाशी ठेवायचं चाळीसेक हजारांचं यंत्र. त्याचे पैसे मात्र ती देत नाही.

ती पॉलिसी भोसरीत राहणाऱ्या एका टेम्पोचालकाची होती. वय ४४. टेम्पो स्वतःचा, त्यावर कर्ज. एमआयडीसीतून चाकण-रांजणगावला सुटे भाग पोचवायचं काम. त्याच्या आजाराची पहिली नोंद त्याच्या बायकोने केली, मोबाइलवर. तिने मला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. आधी एका लयीतलं घोरणं. ते हळूहळू चढत जातं आणि एकदम थांबतं. मग नुसता पंख्याचा आवाज. ऐकता ऐकता आपणच श्वास रोखून धरतो. बऱ्याच वेळाने एक जोराचा हिसका, घुसमटून बाहेर पडलेला श्वास, आणि पुन्हा घोरणं सुरू. "ताई, हे थांबलं की मी मनात आकडे मोजते," ती म्हणाली. "पंचवीस-तीस झाले की पाठीत गुद्दा घालते. चार वर्षं माझी झोप अशीच चाललीय."

त्याला स्वतःला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याची तक्रार वेगळीच होती. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी जेवल्यावर स्टिअरिंगवर डोळा लागायचा, सिग्नलला मागच्यांनी हॉर्न मारून उठवायचं. रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू होत्या, तरी दाब उतरत नव्हता. तिसरी गोळी सुरू करण्याआधी एका छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "दादा, घोरता का?" तो हसला. बायको हसली नाही, तिने मोबाइल पुढे केला.

तपासणी घरीच झाली. बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा, एवढं लावून एक रात्र झोपायचं. अहवालात एएचआय ४६ आला, आणि रक्तातला ऑक्सिजन रात्रीतून ७१ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. एएचआय म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास किती वेळा थांबला किंवा अर्धामुर्धा अडला त्याचा आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. ४६ म्हणजे रात्रभर, साधारण दर सव्वा मिनिटाला एकदा.

डॉक्टरांनी यंत्र लिहून दिलं. एका दुकानाने मास्कसकट ५८ हजार सांगितले. मेडिक्लेम आहे, वर्षाचा हप्ता न चुकता भरतोय, मग काळजी कसली, असं घरात सगळ्यांना वाटलं. विमा कंपनीचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे टीपीएच्या, कार्यालयातून उत्तर आलं की घरी वापरायचं उपकरण पॉलिसीत बसत नाही. त्यावर त्याने मला जे विचारलं त्याचं नीट उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. "उद्या मला झटका आला, आयसीयूत पडलो, तर हेच लोक पाच लाखांपर्यंत देणार. ते होऊ नये म्हणून मशीन घेतो म्हटलं, तर नाही. हे कसं काय?"

*

घोरणारा माणूस गाढ झोपलेला असतो हा आपल्याकडचा घट्ट समज आहे, आणि त्याने फार नुकसान केलंय. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद आहे, म्हणजे जबडा लहान, मान जाड, टॉन्सिल मोठे किंवा जीभ मागे पडणारी, त्यांच्यात श्वासाची वाट मिटते. छाती श्वास ओढत राहते, हवा मात्र आत जात नाही. ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून शरीराला हलवतो, रक्तदाब उसळतो, घसा उघडतो. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. हे वर्षानुवर्षं चालत राहिलं की रक्तदाब, हृदयाचे ठोके बिघडणं, पक्षाघात, दिवसाची पेंग आणि त्यातून होणारे अपघात हे सगळं मागे लागतं.

१९८१ पर्यंत तीव्र रुग्णांसाठी एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याला भोक पाडणं. त्या वर्षी सिडनीतल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापला. व्हॅक्यूम क्लीनरच्या जातीचा एक हवा फेकणारा पंखा, एक नळी आणि नाकावर चिकटवलेला मास्क. नाकातून सतत थोड्या दाबाने हवा सोडली की ती घशाच्या भिंती मिटू देत नाही. त्यात औषध नाही, ऑक्सिजनचं नळकांडं नाही, नुसती खोलीतली हवा आहे. यालाच सीपॅप म्हणतात. आजची यंत्रं हातात मावतील एवढी लहान आणि जवळजवळ बिनआवाजी झालीत, पण तत्त्व तेच आहे.

हा आजार पाश्चात्त्य, लठ्ठ, श्रीमंत लोकांचा, असं काही डॉक्टरांनाही वाटायचं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसा पेंग येण्यासारखी लक्षणंही असलेले ७.५ टक्के. हे पुरुष रुग्ण म्हणून आलेले नव्हते, आपण धडधाकट आहोत असं समजून आलेले होते. २०२३ मध्ये देशभरातल्या अशा अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्याचा अंदाज असा की भारतातल्या प्रौढांपैकी सुमारे ११ टक्क्यांना, म्हणजे दहा कोटींहून जास्त लोकांना हा त्रास असावा. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं नाव घेतलं. अनेक घरांत हे नाव पहिल्यांदा पोचलं ते त्या बातमीतून.

एवढा पसरलेला आजार आणि त्याच्या इलाजाला पैसे देणारं कुणी नाही. असं का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण लोक चुकीच्या दारावर डोकं आपटत राहतात.

*

आपला मेडिक्लेम खाटेभोवती बांधलेला आहे. भरती व्हा, चोवीस तास राहा, मग बिल. रुग्णालयात बायपॅप (श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं यंत्र) लावला तर त्याचा खर्च उपचाराच्या बिलातच धरला जातो. घरी नेलेलं यंत्र त्या हिशेबातच येत नाही. काही एजंट एक युक्ती सांगतात, "एक रात्र भरती व्हा, स्लीप स्टडी करून घ्या, निदान तपासणीचे तरी पैसे येतील." प्रमाणित वगळणुकींतलं चौथं कलम नेमकं यासाठीच आहे. केवळ तपासणीसाठी झालेली भरती विम्यात बसत नाही. तपासणीचे पैसे गेले, वर भरतीचेही गेले, असे लोक मला भेटले. ओपीडीचा वेगळा रायडर घेतला असेल तर तपासणीचा काही भाग निघतो, पण त्याची वार्षिक मर्यादा यंत्राच्या किमतीच्या आसपासही क्वचितच जाते.

सरकारी योजनांची रचनाही हीच. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात होणाऱ्या ठरावीक उपचारांसाठी. मुलांच्या बाबतीत याचा एक फायदा मात्र होतो. लहान मुलांत या आजाराचं कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड असतात, आणि पहिला इलाज ते काढून टाकणं हाच असतो. ते ऑपरेशन असल्यामुळे विम्याच्या चौकटीत बसू शकतं. मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल, वर्गात झोपत असेल किंवा फार चिडचिड करत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

ज्यांना यंत्राचे पैसे खरोखर मिळू शकतात, असेही लोक आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना ते माहीतच नसतं. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेत असतील, तर तज्ज्ञाची शिफारस आणि पूर्वपरवानगी घेऊन, ठरलेल्या कमाल मर्यादेत परतावा मिळतो. माजी सैनिकांसाठी ईसीएचएसमध्येही तशी सोय आहे. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत माजी सैनिकांची घरं गावोगाव आहेत. पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन नुसतं विचारायचं आहे. यंत्र आधी घेऊन बिल नंतर लावलं तर अडतं, हे मात्र लक्षात ठेवावं. परवानगी आधी, खरेदी नंतर.

आई-वडील साठीच्या पुढचे आहेत, त्यांना मेडिक्लेमच नाही, आणि घरात कुणी जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरतं, अशा घरांनी प्राप्तिकराचं कलम ८० डी पाहावं. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चावर वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट आहे. डॉक्टरची चिठ्ठी आणि रुग्णाच्या नावाचं पक्कं बिल करसल्लागाराला दाखवा. रोख देऊन कच्ची पावती घेतली, तर हा मार्ग बंद होतो.

एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. काही लोक निदान टाळण्यासाठी तपासणीच करत नाहीत. "एकदा कागदावर आलं की पुढचा विमा मिळणार नाही," असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. नवी पॉलिसी घेताना हा आजार सांगावा लागतो हे खरं. पण २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. लपवलं आणि पुढे हृदयाचा दावा आला, तर कंपनी हेच लपवणं पुढे करून दावा फेटाळू शकते. घोरणं लपवून पॉलिसी वाचवायची आणि श्वास अडत ठेवायचा, हा व्यवहार कुठल्याच अंगाने परवडणारा नाही.

*

बाजारात गेलं की पहिली अडचण ही की किंमत कळत नाही. पुण्यात सदाशिव पेठेतली सर्जिकलची दुकानं किंवा मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा परिसर फिरलात, तर एकाच यंत्राचे तीन भाव ऐकू येतात. खोक्यावरची एमआरपी एक, दुकानदार सांगतो तो भाव दुसरा, आणि रुग्ण चार ठिकाणी विचारून आल्यावर निघतो तो तिसरा. ढोबळ अंदाज द्यायचा तर एका ठरावीक दाबाचं साधं सीपॅप वीस-तीस हजारांत, दाब आपोआप कमी-जास्त करणारं ऑटो सीपॅप तीस ते साठ हजारांत, आणि बायपॅप पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे. मास्क वेगळा, तीन ते नऊ हजार. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेच्या निर्णयाने बहुतेक वैद्यकीय उपकरणांवरचा कर ५ टक्क्यांवर आला. जुन्या दराने कोटेशन दिलं असेल तर कर किती लावलाय ते नक्की पाहा.

ऑटोच घ्या, असा आग्रह दुकानात सर्रास होतो. ते सोयीचं आहेच. पण ज्या रुग्णाला किती दाब लागतो हे तपासून ठरलं आहे, त्याचं काम साध्या यंत्रावरही भागू शकतं. हा निर्णय डॉक्टरने करायचा असतो, दुकानातल्या माणसाने नाही. तसंच बायपॅपचं. कोविडमध्ये हा शब्द घराघरांत पोचला, आणि महाग म्हणजे जास्त चांगलं असं वाटू लागलं. नुसत्या स्लीप ॲप्नियाच्या बहुतेक रुग्णांना बायपॅप लागत नाही. चिठ्ठीवर यंत्राचा प्रकार, दाब आणि मास्कचा प्रकार या तिन्ही गोष्टी लिहून घ्या. नुसतं कंपनीचं नाव लिहिलेली चिठ्ठी अपुरी आहे.

पहिला महिना भाड्याने घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय. साधारण दोन ते चार हजार भाडं आणि वर अनामत. कारण विकत घेऊन कपाटात ठेवलेली यंत्रं मी बरीच पाहिली. तोंडावर काहीतरी बांधून झोपायची सवय पहिल्या आठवड्यात होत नाही. नाक चोंदतं, मास्कच्या कडेने हवा डोळ्यांत जाते, घरचे हसतात. जो पहिला महिना निभावतो तो बहुधा पुढे वापरतो. वापरणं म्हणजे किती, याचाही एक प्रचलित निकष आहे. रात्री किमान चार तास, दहापैकी सात रात्री. यापेक्षा कमी वापराला फारसा अर्थ उरत नाही. २०१६ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या हृदयरुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्र दिलेल्या गटात हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. त्यांचा सरासरी वापर होता रात्री साडेतीन तासांहूनही कमी. पेंग कमी झाली, मन ताजं झालं, हे त्यांनाही जाणवलं. हृदय वाचवण्याची हमी यंत्र देत नाही, हे त्यातून कळलं. हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

भोसरीच्या त्या चालकाने महिनाभर भाड्याचं यंत्र वापरलं. मग एका ओळखीच्या कुटुंबाकडून जुनं घेतलं, २१ हजारांत. ते विकत घेण्याआधी त्याच्याबरोबर एका तंत्रज्ञाकडे मीही होते. या माणसाने आयुष्यभर अशीच यंत्रं उघडली असावीत. आधी त्याने यंत्र उलटं करून मालिका क्रमांक वाचला. त्याचं कारण असं की जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप यंत्रं जगभरातून परत बोलावली. आवाज कमी करण्यासाठी आत जो फोम बसवलेला होता तो झिजून त्याचे काळे कण नळीत येऊ शकत होते. उष्णता, दमट हवा आणि ओझोनने केलेली सफाई यांनी ती झीज वाढते. एप्रिल २०२१ च्या आधी बनलेली अनेक मॉडेलं त्यात होती. त्यांतली काही अजूनही जुन्या बाजारात फिरताहेत, आणि स्वस्त असतात म्हणून घेतली जातात. कुठल्याही कंपनीचं जुनं यंत्र घेताना मॉडेल आणि क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग त्याने मेनूत जाऊन मोटर किती तास चालली ते पाहिलं, फिल्टरची खोबण उघडून वास घेतला, बत्तीच्या उजेडात हवेच्या वाटेत डोकावलं. "सिगरेट ओढणाऱ्याच्या खोलीतलं मशीन लगेच कळतं," तो म्हणाला. नळी आणि मास्क त्याने बाजूला काढून ठेवले आणि चालकाला सांगितलं, "हे दोन नवे घ्यायचे. यात काटकसर नको."

मास्कपाशी तो बराच वेळ थांबला. दुसऱ्या कुणा रुग्णाने रुग्णालयातून आणलेला एक मास्क त्याने टेबलावर ठेवला, शेजारी घरचा. वॉर्डातल्या मास्कचा नळी जोडायचा कोपरा निळा होता, आणि त्यावर एकही भोक नव्हतं. घरच्या मास्कच्या कोपऱ्यावर बारीक भोकांची चाळणी होती. सोडलेला श्वास, त्यातला कार्बन डायऑक्साइड, या भोकांतून बाहेर जातो. बिनभोकांचा निळा मास्क घरच्या यंत्राला लावला, तर माणूस आपलाच उच्छ्वास परत ओढत राहतो. भरतीनंतर घरी आणलेला मास्क फुकट मिळाला म्हणून लोक तोच वापरतात. त्याने तो निळा मास्क चालकाच्या हातात दिला आणि म्हणाला, "कचऱ्यात टाका. कुणाला देऊही नका."

नवा मास्क, नळी आणि फिल्टर मिळून चालकाला साडेचार हजार पडले. पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी यंत्रातलं मेमरी कार्ड वाचलं. यंत्र लावून झोपताना एएचआय ३ च्या आसपास होता, वापर रोज साडेपाच तास. रक्तदाबाची तिसरी गोळी सुरू करावी लागली नाही. कार्डावरची माहिती घरच्या संगणकावर वाचण्यासाठी 'ऑस्कर' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याच्या आठवीतल्या मुलीने ते उतरवून घेतलं आहे आणि दर रविवारी ती बाबांच्या रात्री तपासते.

हिशेब करून पाहिला तर ४० हजारांचं नवं यंत्र पाच वर्षं चाललं, तरी रोजचे २२ रुपये. वर्षाला चार हजारांचे मास्क-फिल्टर धरले तर आणखी ११. वीज नगण्य. रोजचे तेहतीस रुपये, टपरीवरच्या वडापाव-चहाइतके. पण ते एकरकमी चाळीस हजार होऊन समोर येतात, आणि महिन्याला पंचवीस हजार कमावणाऱ्याचं घर तिथेच अडतं. अडचण आहे ती हे पैसे एकदम भरायची, आणि विम्याने नेमकी तीच उचलायला हवी.

*

पैसे नसतील तर करायच्या इतर गोष्टींबद्दल थोडक्यात. आजार सौम्य असेल तर कुशीवर झोपल्याने बराच फरक पडू शकतो. बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवला की माणूस उताणा होत नाही. रात्रीची दारू आणि स्वतःच्या मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात, त्या बंद. खालचा जबडा पुढे धरणारं दातांत बसवायचं साधन काही दंतवैद्य बनवून देतात. वजन उतरलं तर आजारही उतरतो. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठ रुग्णांच्या स्लीप ॲप्नियासाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे ते मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा आठवड्याच्या एका इंजेक्शनची किंमत साडेतीन हजार ते चार हजार तीनशे पंच्याहत्तर रुपये होती. म्हणजे तीन महिन्यांत यंत्राचे पैसे संपतात. एएचआय ४६ असलेल्या माणसाला नुसता चेंडू देऊन घरी पाठवणं मात्र धोक्याचं आहे.

तपासणीचा खर्च धर्मादाय रुग्णालयांत वाचू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या उत्पन्नाचे दोन टक्के वेगळ्या निधीत जमा होतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटा. रिसेप्शनवर विचारलं तर बहुधा नाही असंच उत्तर येतं.

मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती रुग्णसाहित्य केंद्रांची. महाराष्ट्रात गावोगाव ही केंद्रं आहेत. कुठे गणेश मंडळाचं, कुठे एखाद्या ट्रस्टचं, कुठे रोटरीचं. फाउलर खाट, कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, थोडी अनामत ठेवून न्यायची आणि काम झालं की परत आणून द्यायची. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत या केंद्रांकडे ऑक्सिजन काँसंट्रेटर आणि बायपॅप मोठ्या संख्येने आले. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी अशा केंद्राच्या मागच्या खोलीत मी ती यंत्रं पाहिली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, नावाच्या चिठ्ठ्यांसकट ओळीने ठेवलेली. तिथले कार्यकर्ते निवृत्त शिक्षक आहेत. "सर, ही देत का नाही?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "दाब कोण लावून देणार? चुकीचा लावला आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

त्यांची भीती रास्त आहे. व्हीलचेअर द्यायला वजन-उंची पुरते, या यंत्राला चिठ्ठी लागते. पण त्यावर तोडगा निघण्याजोगा आहे. जवळच्या शहरातला एक तंत्रज्ञ महिन्यातून एक रविवार येतो, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे दाब बसवतो, मास्क रुग्णाने स्वतः नवा आणायचा, आणि महिन्याने कार्ड दाखवायचं, वापर नसेल तर यंत्र परत. हे त्या सरांनी आता सुरू केलं आहे. बायपॅपची काही मॉडेलं साध्या सीपॅप पद्धतीवरही चालवता येतात, त्यामुळे कोविडच्या साठ्यातलं काही तिथेच उपयोगाला आलं.

सरकारने करण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिला फार मोठा खर्चही नाही. राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या आणि कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. जून २०२१ मध्ये ऑक्सिजन काँसंट्रेटरवर, आणि पुढच्याच महिन्यात पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, रक्तदाबाचं यंत्र, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच वस्तूंवर विक्रीच्या नफ्याची मर्यादा ७० टक्के केली. सीपॅप त्या यादीत नव्हतं. वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त एमआरपी वाढवता येत नाही हा नियम त्याला लागू आहे, पण पहिली एमआरपी कितीही छापायची मोकळीक राहते. ज्या यंत्राशिवाय कोट्यवधी लोकांची झोप होत नाही आणि त्या लोकांतले कित्येक रस्त्यावर अवजड गाड्या चालवतात, त्याचं नाव त्या यादीत घालायला एक आदेश पुरे आहे. विमा नियामकानेही मध्यम आणि तीव्र आजारात, तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर, पाच वर्षांत एकदा ठरावीक रकमेपर्यंत यंत्राचा खर्च देणं सक्तीचं करावं. सीजीएचएस हेच आपल्या लोकांसाठी करतं, म्हणजे त्याची पद्धत देशात तयार आहेच.

तोवर त्या तालुक्याच्या केंद्राची नोंदवही वाढते आहे, रांगेत नावं आहेत, यंत्रं कमी आहेत. ज्यांच्या घरी वडिलांचं किंवा आजोबांचं सीपॅप कपाटात पडून आहे, त्यांनी ते जवळच्या रुग्णसाहित्य केंद्राला द्यावं, असं सरांनी मला आवर्जून लिहायला सांगितलंय. ओझोनच्या पेटीत घालून साफ करू नये, पाण्याची टाकी रिकामी करून वाळवावी, आणि असेल तर मूळ बिल सोबत ठेवावं. अडॅप्टर मात्र विसरू नये. त्याच्याशिवाय आलेली दोन यंत्रं तिथे अजून तशीच पडून आहेत.